जुन्या शेवरोले पिकअपला कोणता कार्बोरेटर बसवावा?

मंडळी, 1972 ची शेवरोले सी-10, आत 350 घनइंचाचं (5.7 लिटर) व्ही-8 इंजिन. कार्बोरेटर बदलायचा म्हटलं की हात आपोआप 750 सीएफएमच्या (मिनिटाला इतके घनफूट हवा) खोक्याकडे जातो. थांबा, आधी हिशेब करा! घनइंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले 3456. पाच हजार आरपीएम धरले तर उत्तर येतं साधारण 506. रोजच्या वापरातलं इंजिन त्यातली 85 टक्क्यांच्या आसपासच हवा ओढतं, म्हणजे 430. तेव्हा 600 भरपूर झाला. भोक गरजेपेक्षा मोठं असलं की कमी वेगावर हवेचा झोत मंदावतो, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी आचके देते.

मूळचा रोचेस्टर क्वाड्राजेट मात्र 750 चा असूनही छान चालतो. त्याची पुढची दोन भोकं लहान. मागची मोठी, पण हवा इंजिनाच्या मागणीपुरतीच सोडणारी. काय सुंदर रचना आहे! थ्रॉटलचा दांडा ढिला झालेला नसेल, तर मी तोच रिपेअर किट टाकून वापरेन.

नवाच घ्यायचा तर मॅनिफोल्ड बघा. क्वाड्राजेटची भोकं लहान-मोठी, एडेलब्रॉक 1406 या कार्बोरेटरची जवळपास सारखी. म्हणून मूळच्या मॅनिफोल्डवर तो बसवताना मध्ये अडॅप्टर लागतो. पेट्रोलचा दाब साडेसहा पीएसआयच्या वर गेला तर एडेलब्रॉक ओसंडतो. आणि मागाहून 700आर4 गिअरबॉक्स बसवला असेल, तर त्याच्या टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलची कार्बोरेटरशी जोडणी अचूकच हवी, नाहीतर आतले क्लच जळतात.