आजीबाईच्या बटव्याला कुलूप कोणी लावायचे?

विद्या दिल्याने वाढते, असे भारतीय परंपरा सांगते. आणि गुरूने दिलेला मंत्र षट्कर्णी होऊ देऊ नये, हेही तीच परंपरा बजावते. पाठशाळेतील खुले पाठांतर आणि बापाने मुलाच्याच कानात सांगितलेले वैदूचे औषध हे दोन्ही प्रवाह येथे शतकानुशतके शेजारी वाहत आले. पेटंटच्या युगात मात्र या जुन्या द्वंद्वाला नवी धार चढली. ज्ञान उघडे ठेवावे तर कोणीही ते उचलून नेईल, ही भीती. आणि झाकून ठेवावे तर ते मुळात कोणाचे हे सिद्धच करता येणार नाही, ही अडचण. गेल्या तीन दशकांत भारताने ही कोंडी कशी हाताळली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

हळदीचा धडा

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील भारतीय वंशाच्या दोन संशोधकांच्या नावे, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट मंजूर झाले. बोट कापले की हळद दाबायची, हे ज्या देशात कोणाला शिकवावे लागत नाही, तेथे या बातमीने संताप उसळणे स्वाभाविक होते. वास्तविक हे पेटंट अमेरिकेपुरतेच मर्यादित होते. त्यामुळे भारतातील एकाही घरातील हळदीच्या डब्याला धक्का लागणार नव्हता. परंतु पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान कोणाच्या तरी नावावर नवा शोध म्हणून नोंदले जावे काय, हा तत्त्वाचा प्रश्न होता. सीएसआयआर या संस्थेने तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले.

पेटंट हा समाज आणि संशोधक यांच्यातील एक करार असतो. संशोधकाने आपला शोध जाहीर करायचा आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठरावीक काळ, सर्वसाधारणपणे २० वर्षे, मक्तेदारी द्यायची. अट एवढीच, की शोध खरोखर नवा हवा. मात्र 'नवा' कशाला म्हणायचे, याची अमेरिकी व्याख्या त्या काळी विचित्र होती. परदेशातील नुसता वापर किंवा तोंडी चालत आलेली माहिती तेथे पुरावा म्हणून ग्राह्य नव्हती. छापील दाखला लागे. त्यामुळे कोट्यवधी आज्यांची साक्ष तेथे कुचकामी ठरली असती. सीएसआयआरने संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांसह ३२ संदर्भ गोळा केले. त्यांतील काही शंभर वर्षांहून जुने होते, तर एक १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले आणि माशेलकरांना 'हळदीघाटीचे योद्धे' हे बिरुद चिकटले.

कडुनिंबाच्या प्रकरणाची तऱ्हा थोडी निराळी होती. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला पेटंट दिले होते. युरोपात सार्वजनिक वापराचाही पुरावा चालतो. तेथे निर्णायक ठरली ती महाराष्ट्रातील शेतांची साक्ष. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत अशा तेलाच्या चाचण्या झाल्याचे कार्यालयापुढे मांडण्यात आले. २००० साली हे पेटंट रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

दोन्ही लढायांचे सार एकच. जे ज्ञान उघड होते, तेच वाचले. हळदीचा गुण एखाद्या घराण्याने गुपित म्हणून जपला असता, तर वॉशिंग्टनमध्ये दाखवायला कागदच उरला नसता.

खुल्या ग्रंथांची बंद पेटी

प्रत्येक पेटंटविरुद्ध असा खर्चिक लढा देणे शक्य नव्हते. म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या प्राचीन ग्रंथांतील माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत आणली गेली. आज त्यात चार लाखांहून अधिक औषधयोगांची नोंद आहे. संस्कृत न जाणणाऱ्या परदेशी परीक्षकाला अर्ज तपासतानाच जुना दाखला सापडावा, हा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफल झाला. २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाला हे ग्रंथालय खुले झाले. पुढे अन्य देशांची कार्यालयेही जोडली गेली. परिणामी दोनशेहून अधिक अर्ज मागे घेतले गेले, फेटाळले गेले अथवा त्यांतील दावे आक्रसले.

येथेच एक विरोधाभास उभा राहिला. मूळ ग्रंथ कोणत्याही ग्रंथालयात वाचता येतात. पण त्यांची ही भाषांतरित, वर्गीकृत मांडणी गोपनीयतेच्या कराराखाली केवळ पेटंट कार्यालयांनाच उपलब्ध होती. ती सर्वांना खुली केली, तर औषध कंपन्यांपुढे आयते ताट वाढल्यासारखे होईल, अशी भीती होती. ती निराधार म्हणता येत नाही. तथापि, जनतेच्या पैशातून उभा राहिलेला हा ठेवा भारतातील संशोधकालाच मिळू नये, हेही विचित्रच. अखेर १७ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने, शुल्क आकारून टप्प्याटप्प्याने हे ग्रंथालय इतरांसाठी खुले करण्यास मंजुरी दिली.

जे लिहिलेच गेले नाही

खरी कसोटी आहे ती ग्रंथात नसलेल्या ज्ञानाची. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्यमलै डोंगरात वनस्पतींच्या शोधात निघालेले शास्त्रज्ञ थकून गेले, तरी त्यांचे काणी आदिवासी वाटाडे ताजेतवाने होते. ते अधूनमधून एका झुडपाची फळे खात होते. नाव सांगायला ते आधी राजी नव्हते. कारण जमातीबाहेर हे सांगण्याची त्यांना मुभा नव्हती. बऱ्याच मनधरणीनंतर त्यांनी 'आरोग्यपच्चा' दाखवली. तिच्यापासून तिरुवनंतपुरमजवळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने 'जीवनी' हे औषध तयार केले आणि १९९५ मध्ये त्याचा परवाना १० लाख रुपये व दोन टक्के स्वामित्वधनाच्या बोलीवर एका आयुर्वेदिक कंपनीला दिला. यातील निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरले. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा न्यास नोंदवण्यात आला.

हा प्रयोग जगभर वाखाणला गेला. परंतु जमातीतील काही वैद्यांनी आक्षेप घेतला. साऱ्या जमातीचे ज्ञान दोघा-तिघांनी बाहेर सांगायचे, तर संमती नेमकी कोणाची धरायची, हा त्यांचा सवाल होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर तेव्हाच्या कायद्यात नव्हते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने ते देण्याचा प्रयत्न केला. गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकांनीच तयार करायच्या नोंदवह्या आल्या. या नोंदवह्यांच्या कल्पनेमागे पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे मोठे काम आहे. पण पेच येथेही सुटत नाही. मुळीचे नाव वहीत उतरले की चोरीविरुद्ध पुरावा तयार होतो आणि त्याच क्षणी चोराला वाटही दिसते. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीने, ग्रंथबद्ध ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना लाभातील वाटा देण्यापासून सूट मिळाली. म्हणजे पुस्तकात गेलेल्या ज्ञानावरचा मूळ धारकांचा हक्क आणखी पातळ झाला. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी स्वीकारलेला करार, अर्जदाराने जैविक स्रोत आणि त्याच्याशी निगडित ज्ञान कोठून आले हे उघड करावे, असे सांगतो. वाटा मात्र तोही ठरवून देत नाही.

तेव्हा 'खुले की बंद' या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. हळद साऱ्यांची आहे. तिच्याविषयीचे ज्ञान जितके प्रसिद्ध होईल तितके सुरक्षित राहील. काणींची मुळी मात्र मूठभर माणसांच्या स्मरणात आहे. तिच्याबाबत काय सांगायचे, कोणाला आणि कोणत्या अटीवर, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहायला हवा. ही निवड फार काळ लांबवता येणार नाही, एवढे मात्र खरे. जाणत्या वैदूंची पिढी मावळत चालली आहे आणि त्यांच्या मुलांना रानापेक्षा शहरातली नोकरी जवळची वाटते. बटव्याला कुलूप घालावे की नाही, यावर वाद चालू असताना बटवाच रिकामा झाला, तर कोणत्याही पेटंट कार्यालयात जाऊन तो भरून आणता येणार नाही.