धाराशिवची साक्ष

गारखेड्याच्या दक्षिण अंगाने बीड बायपास जातो. जालना, बीड, परभणीकडचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरला पोचतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात पर्याय बरे असतात. गारखेड्यात 1989 पासून उभे असलेले डॉ. हेडगेवार रुग्णालय आहे, घाटी हे सरकारी रुग्णालय आहे, 2012 पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मराठवाड्याच्या आरोग्याचा विचार आपण बहुधा याच क्रमाने करतो: रोग झाला, गाडी केली, शहर गाठले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा करता येतो, आणि तो कसा करायचा हे याच विभागातल्या एका जिल्ह्याने साऱ्या जगाला दाखवले आहे. जगाने ते उत्तर वापरायला घेतले. ज्या गावांनी ते दिले, त्यांच्यापर्यंत ते अजून पुरते परतलेले नाही. गेल्या पाव शतकातल्या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेताना मला हीच गोष्ट सर्वांत बोचते.

अशा आढाव्यात डोळे दिपवणाऱ्या बातम्यांची वाण नसते. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, त्यांना कर्करोगाची ओळख शिकवून परत शरीरात सोडणारी 'कार-टी' उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या कामातून भारतात घडली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मान्यता मिळाली. सिकल सेलसारख्या आजारावर जनुक-संपादनाने उपचार करण्यास त्याच वर्षी ब्रिटनने प्रथम परवानगी दिली. ही थोर कामे आहेत. पण संशोधनाला दुसरीही एक मोजपट्टी लावता येते: साध्या माणसाच्या हाती देता येईल अशा उपायाने किती मरणे टळली? या मोजपट्टीवर महाराष्ट्राचे काम जुने आणि भक्कम आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर रक्तदाबाचे स्वस्त औषध, प्राझोसिन, वापरून दाखवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि 39 गावांत नवजातमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्याच 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात तिसरे काम सुरू झाले.

त्याची पायाभरणी मात्र शेजारच्या बार्शीत आधीच झाली होती. तिथल्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने 1987 पासून बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. नोंदणी करणारे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लक्षणे समजावून सांगत. एवढ्यानेच रुग्ण आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्याचे काही वर्षांत नोंदवले गेले. पण 'लवकर येतात' आणि 'वाचतात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सिद्ध करायला मोठी चाचणी लागते. डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. भगवान नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी ती उभी केली. जिल्ह्यातली 497 गावे 52 समूहांत वाटली. कोणत्या समूहाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचे चार गट झाले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या, म्हणजे तुलनेच्या, गटाला नेहमीच्याच आरोग्यसेवा. पहिल्या तीन गटांत तपासणी एकदाच व्हायची होती. ज्यांच्यात काही आढळले त्यांची पुढची तपासणी आणि उपचार झाले, आणि मग आठ वर्षे सर्वांवर लक्ष ठेवले गेले.

निकाल 2009 च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापला. तुलना-गटातल्या 31,488 स्त्रियांपैकी 64 जणी या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही गटात 34,126 पैकी 34. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप स्मिअरच्या गटात 54 आणि ॲसिडच्या गटात 56 मृत्यू झाले. तुलना-गटाशी असलेला हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. निदानाचे आकडे आणखी बोलके आहेत. एचपीव्ही गटात 127 कर्करोग सापडले, त्यांपैकी दुसऱ्या किंवा पुढच्या टप्प्याचे 39. तुलना-गटात 118 सापडले, त्यांपैकी पुढच्या टप्प्याचे 82. रोग दोन्हीकडे साधारण तेवढाच होता. फरक पडला तो गाठण्याच्या वेळेत.

हा फरक का पडला, हे रोगाच्या चालीत दडलेले आहे. हा कर्करोग विशिष्ट प्रकारच्या एचपीव्हीच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. त्यातला सोळाव्या क्रमांकाचा प्रकार 1983 साली शोधणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 मध्ये नोबेल मिळाले. बहुतेक संसर्ग आपोआप जातात. जे राहतात, त्यांच्यापासून कर्करोग व्हायला दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. पॅप स्मिअर आणि ॲसिड आज दिसणारा बदल शोधतात आणि पाहणाऱ्याच्या नजरेवर विसंबतात. विषाणूची तपासणी उद्याचा धोका सांगते, आणि यंत्राची नजर दुपारी थकत नाही. म्हणूनच या अभ्यासातला माझ्या मते सर्वांत मोलाचा आकडा मृत्यूंचा नाही. ज्यांच्यात विषाणू आढळला नाही, त्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोगाचे प्रमाण वर्षाला लाखामागे 3.7 इतकेच राहिले. पॅप स्मिअर निर्दोष आलेल्यांत ते 15.5 होते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये या रोगाच्या उच्चाटनाची जी रेषा आखली, ती लाखामागे 4 ची आहे. भूम-परंड्याकडची शेतमजूर बाई एका नकारार्थी तपासणीनंतर त्या रेषेच्या अलीकडे येऊन उभी राहते.

या एका वाक्याचे मोल मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सुमारे सहांत एक. कारणे अनेक होती: फडातले कष्ट, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल, शौचालयांचा अभाव. पण त्यांत एक धागा भीतीचा होता. अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई दवाखान्यात जाते, 'पुढे कॅन्सर होईल' एवढे शब्द कानावर पडतात आणि तिशीतच पिशवी निघते. अशा वेळी 'तुझ्यात तो विषाणू नाही, पुढची काही वर्षे तुला या रोगाची भीती नाही' असे पुराव्याने सांगता येणे, हा शस्त्रक्रियेवरचा सर्वांत स्वस्त उतारा आहे. रोग सापडण्याइतकेच रोग नसल्याची खात्री देणेही निदानशास्त्राचे काम असते, हे आपण विसरतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप नीतीचा आहे. तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांना ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजायचे, हे न्याय्य होते का? देशातल्या आणि परदेशातल्या टीकाकारांनी हा प्रश्न उघडपणे विचारला. बचाव असा की पॅप स्मिअर श्रीमंत देशांत चालले ते दर काही वर्षांनी फेऱ्या आणि भक्कम प्रयोगशाळा असल्यामुळे. खेड्यात एकाच फेरीत कोणती पद्धत चालेल हे कुणालाच माहीत नव्हते, आणि पॅप स्मिअरचे इथले अपयश पाहता ती शंका खरी ठरली. हा बचाव मला बौद्धिकदृष्ट्या पटतो, पण त्याने हिशेब मिटत नाही. त्या 64 मृत्यूंनी जगाला ज्ञान दिले असेल, तर ते ज्ञान सर्वांत आधी त्यांच्या गावांना मिळायला हवे होते. प्रयोगाची नीती प्रयोग संपल्यावरही मोजली जाते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: ॲसिडची तपासणी काही पैशांत होते, मग महागड्या विषाणू-तपासणीचा हट्ट कशाला? ॲसिडची तपासणी निरुपयोगी नाही, हे आधी मान्य करू. तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या अभ्यासात तिने मृत्यू 35 टक्क्यांनी घटवले. मुंबईच्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. देशाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी हीच पद्धत दर पाच वर्षांनी करायला सांगितली, ती या आधारावर. पण मुंबईचे यश फेऱ्यांचे आणि सततच्या देखरेखीचे आहे. दसऱ्यानंतर बिऱ्हाड बैलगाडीत वा ट्रॅक्टरवर घालून सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या बाईला चार फेऱ्या कुठून मिळणार? तिच्यासाठी एकाच भेटीत सर्वाधिक सांगणारी तपासणी हवी. खर्चाचे गणितही बदलले आहे. धाराशिवच्या अभ्यासावेळी ही तपासणी परदेशी आणि महाग होती. आज गोव्यात घडलेले 'ट्रूनॅट' हे छोटे यंत्र क्षयरोगासाठी सरकारी आरोग्यसेवेत वापरले जाते, कोरोनाकाळात ते घरोघरी ठाऊक झाले, आणि त्यावर चालणारी एचपीव्ही तपासणीही आता तयार आहे. शिवाय नमुना बाईला स्वतःच्या हाताने, आडोशाला घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही त्याला पाठिंबा आहे. 'बायका तपासणीला येत नाहीत' ही तक्रार बरीचशी टेबलावर झोपण्याच्या संकोचाची आहे. आशाताईने घरी नळी नेऊन दिली, तर तो अडसर उरत नाही.

तिसरा आक्षेप डॉक्टरांचा: विषाणू सापडलेल्या बहुतेक स्त्रियांना कर्करोग होणार नसतो, त्यांना उगाच घाबरवून उपचारांच्या चरकात का घालायचे? शंका रास्त आहे. पण धाराशिवमध्ये विषाणू-तपासणीत दोषी ठरल्या 10.3 टक्के, तर ॲसिडच्या तपासणीत 13.9 टक्के. म्हणजे नाहक घाबरवण्यात स्वस्त पद्धतच पुढे होती. आणि दोषी ठरलेल्यांसाठी पिशवी काढण्याचे काहीच कारण नसते. गोठवून किंवा तापवून तेवढाच भाग नष्ट करता येतो, आणि यासाठीची हातात धरायची उपकरणे आता बॅटरीवर चालतात. खरी अट वेगळी आहे: सापडलेल्या बाईला त्याच तालुक्यात उपचार मिळाले पाहिजेत. त्याची सोय न करता शिबिरे भरवणे म्हणजे भीतीचे वाटप करणे.

चौथा आक्षेप काळाचा: लस आली, आता तपासणी कशाला? या लशीच्या कथेतही आपलीच माणसे आहेत. 2009 मध्ये बार्शी, पुणे आणि मुंबईसह देशातल्या अनेक केंद्रांवर दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. दरम्यान आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाले नसल्याचे चौकशीत दिसले, पण वसतिगृहाच्या अधीक्षकांनी मुलींच्या वतीने संमतीच्या सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल 2010 मध्ये अशा सर्व अभ्यासांतले लसीकरण थांबले. त्यामुळे सुमारे 4,950 मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 मध्ये दिसले की एका मात्रेनेही घातक दोन प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून 95 टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळते. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने एकाच मात्रेला मान्यता दिली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस जानेवारी 2023 मध्ये बाजारात आली. हे सारे आनंदाचे आहे. पण लस किशोरवयीन मुलीला वाचवते. आज पस्तिशीत असलेल्या तिच्या आईपर्यंत तिचा फायदा पोचायला उशीर झालेला आहे. लशीचे पीक हाती यायला वीस-तीस वर्षे लागतील, आणि तोवर देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आणि सुमारे 80 हजार मृत्यू होत राहतील.

म्हणून माझा निष्कर्ष साधा आहे. या रोगाबाबत मराठवाड्याला नव्या शोधाची वाट पाहण्याची गरज नाही. पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत एकदा विषाणूची तपासणी, नमुना घरी, यंत्र तालुक्याला, उपचार तिथेच, आणि ऊसतोडीच्या गावांत हे सगळे दसऱ्याआधी. यातला एकही दुवा अज्ञात नाही. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी कधीतरी अशी तपासणी झालेल्या निघाल्या दोन टक्क्यांहूनही कमी. सोलापूर-धुळे महामार्गाने धाराशिव छत्रपती संभाजीनगरहून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. 1999 मध्ये तिथल्या ज्या तिशीतल्या बाईने या अभ्यासात नाव नोंदवले, ती आता पंचावन्नच्या पुढे गेली आहे. तिची मुलगी तपासणीच्या वयाची झाली आहे.