राऊटर: बाजारपेठेतला आणि पाड्यावरचा

डहाणूच्या बाजारात राऊटर घ्यायला गेलो, की दुकानदार अँटेना मोजून दाखवतो. ब्रॉडबँडची जोडणी देणारा वेगाचे आकडे सांगतो: ५०, १००, ३०० मेगाबिट. (आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. आकडा ऐकून हुरळण्याआधी आठाने भागावे.) पण वर्गात दाखवायची चित्रफीत अडखळते, तेव्हा दोष कोणाचा? बाहेरून येणाऱ्या जोडणीचा, की घरातल्या लहरींचा?

हे तपासणे सोपे आहे. संगणक केबलने राऊटरला जोडून वेग मोजा. मग केबल काढून राऊटरपाशी आणि शेवटी आपण नेहमी बसतो त्या खोलीत मोजा. केबलवर वेग पुरेसा असेल आणि खोलीत घसरत असेल, तर मोठी योजना घेऊन काहीही साधणार नाही.

तो घसरतो कशामुळे? आजचे बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांत काम करतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली पाच-सहा सेंटीमीटर. आखूड लहर विटांच्या भिंतीत जास्त शोषली जाते. शिवाय तिचा अँटेनाही आखूड असतो, त्यामुळे तेवढ्याच अंतरावर तो कमी ऊर्जा गोळा करतो. मग ५ गिगाहर्ट्झ हवाच कशाला? कारण तिथे जागा भरपूर असते. २.४ चा पट्टा अरुंद आहे आणि शेजाऱ्यांचे राऊटर त्यातच गर्दी करतात. डहाणू स्टेशनजवळच्या इमारतीत म्हणूनच ५ चा पट्टा बरा.

शहरातला हा सल्ला तलासरीच्या पाड्यावर मात्र लागू पडत नाही. घरे विखुरलेली, त्यामुळे गर्दी नाही, तिथे २.४ चा पट्टाच दूरवर पुरतो. कारवीच्या कुडातून लहरी सहज जातात. अडवतो तो पत्रा, आणि काही अंशी सळयांचा स्लॅब.

लांब लहरीचा हाच फायदा गावांमधल्या अंतरासाठीही घेता येतो. पालघर जिल्ह्यातच मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात खामलोली व आसपासच्या गावांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील मोकळ्या जागा वापरून इंटरनेट पोहोचवून पाहिले. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास लहर ६० सेंटीमीटर लांब असते; झाडोरा तिला फारसा अडवू शकत नाही. या प्रकल्पाला २०१७ साली मोझिलाचा पुरस्कारही मिळाला.

घरच्या राऊटरला हा पट्टा नसतो. फायबर पोहोचले नसेल, तिथे सिमकार्डाचा राऊटर उरतो. तो घेण्याआधी मोबाइल घेऊन घराभोवती फिरा आणि कोणत्या कंपनीचा वेग कुठे सर्वांत चांगला मिळतो ते पाहा. शाळा सुटल्यावर एकदा, रात्री आठला एकदा. संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते. राऊटर त्या जागेच्या खिडकीत ठेवावा आणि आत वर्गापर्यंत केबल न्यावी. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते.