वाचलेल्यांचीही यादी हवी

८ ऑगस्ट २०१९. कृष्णेला महापूर. पलूस तालुक्यात, कृष्णा-येरळेच्या संगमावरच्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना सुरक्षित जागी नेणारी नाव उलटली. बुडालेल्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. इस्लामपूरपासून सांगलीपर्यंत सारा कृष्णाकाठ त्या बातमीनं सुन्न झाला.

बायका-मुलंच जास्त का गेली? पोहता येत नाही, साडी पायांत गुंतते, कडेवर लेकरू असतं. कारणं लगेच सुचतात, ती खरीही असतील. पण त्याआधीचा प्रश्न असा, की नावेत बायका-मुलं मुळात किती होती? पुरातून माणसं हलवताना आधी त्यांनाच बसवतात. नावेत तीच जास्त असतील, तर मृतांतही जास्त दिसणार. मृतांचा आकडा हा नुसता अंश. छेद कळल्याशिवाय धोक्याची तुलना होत नाही.

१९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकचा छेद उपलब्ध आहे, कारण जहाजावर कोण होतं याच्या याद्या होत्या. संख्याशास्त्राच्या वर्गात वापरल्या जाणाऱ्या तक्त्यानुसार तिसऱ्या वर्गाच्या ७०६ प्रवाशांपैकी १७८ वाचले, म्हणजे २५ टक्के. जहाजावरच्या ८८५ कर्मचाऱ्यांपैकी २१२ वाचले, म्हणजे २४ टक्के. दोन्ही गटांची गत सारखीच वाटते ना?

आता स्त्री-पुरुष वेगळे मोजू. पुरुषांमध्ये तिसऱ्या वर्गातले १७ टक्के वाचले, कर्मचाऱ्यांतले २२. स्त्रियांमध्ये तिसऱ्या वर्गातल्या ४६ टक्के, कर्मचाऱ्यांतल्या ८७. दोन्हीकडे कर्मचारी पुढे, आणि बेरीज केली की किंचित मागे! होड्यांत बायका-मुलांना आधी जागा मिळत होती. तिसऱ्या वर्गात मुली धरून १९६ स्त्रिया होत्या, कर्मचाऱ्यांत फक्त २३. त्यामुळे तिसऱ्या वर्गाचा एकूण आकडा वर चढला आणि त्या वर्गातल्या माणसांची खरी गत झाकली गेली. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये अशा कोड्याची चर्चा केली, म्हणून त्याला ‘सिम्पसनचा विरोधाभास’ म्हणतात. मात्र ८७ टक्के या आकड्यावरही फार विसंबू नये. २३ जणींत एक कमी-जास्त झाली तरी तो चारने हलतो.

कृष्णाकाठानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. पुढच्या वेळी नाव सुटण्याआधी तिच्यात कोण बसलं, वय काय, पोहता येतं का, एवढं कुणीतरी वहीत उतरवून ती वही काठावर ठेवावी. तलाठी, ग्रामसेवक नसतील तर गावातल्या शाळकरी पोरानं लिहावं. आणि सुखरूप उतरलेल्यांच्या नावापुढेही खूण करावी.