प्रिंटर दिसतो, पण लागत नाही : गाळ्यावरच्या संगणकाची ‘परवानगी’

आज आपण मार्केट यार्डातच जमलोय, तेव्हा उदाहरणही इथलंच घेऊ. गुलटेकडीच्या या आवारात रविवारी आवक मोठी. पहाटे गाड्या लागतात, काटा होतो, सौदे होतात, आणि मग शेतकऱ्याला हवी असते हिशोबपट्टी. वजन किती, भाव काय, हमाली, तोलाई, मोटारभाडं किती, हातात किती. ती मिळेपर्यंत माणूस गाळ्यासमोरून हलत नाही, आणि का हलावं त्यानं? अशा वेळी काट्याजवळच्या नव्या संगणकावर ‘ॲक्सेस डिनाइड’ उमटलं, की दिवाणजींचा आवाज चढतो.

आम्हाला बोलावलं होतं अशाच एका गाळ्यावर. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कारण एका फटक्यात कार्बनच्या तीन प्रती निघतात. तो दिवाणजींच्या संगणकाला यूएसबीने जोडलेला आणि तिथून शेअर केलेला. काट्यावरच्या मुलाला तो यादीत दिसायचा, पण ‘कनेक्ट’ म्हटलं की नकार. प्रिंटर बिघडला म्हणून तोवर वायर बदलून झाली होती, रिबनसुद्धा बदलून झाली होती! इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. परवानगीची चूक आली म्हणजे प्रिंटर बहुधा ठणठणीत असतो. कुणीतरी कुणाला तरी आत सोडत नाहीये. कोण, ते शोधायचं.

दारं तीन आहेत. पहिलं, दिवाणजींच्या संगणकाचं. काट्यावरून फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्या संगणकाचं नाव टाका. पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारला जातोय? मग भांडण इथेच आहे. पुष्कळ गाळ्यांवर खात्याला पासवर्डच नसतो, आणि गंमत म्हणजे रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. समोर बसून चालतं, लांबून नाही. तिथे प्रिंटिंगपुरतं वेगळं, पासवर्ड असलेलं साधं खातं काढा, काम झालं.

दुसरं दार महत्त्वाचं, आणि तिथेच लोक चुकतात. शेअर केलेला प्रिंटर जोडताना आपला संगणक समोरच्याकडून ड्रायव्हर मागवतो. ड्रायव्हर म्हणजे काय? परक्याकडून आलेला प्रोग्राम. आणि तो चालवतो प्रिंट स्पूलर, ज्याच्याकडे संगणकातले सर्वात वरचे अधिकार असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर, तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्या शेजारी आपण अनोळखी माणूस आणून बसवतोय. २०२१ च्या जूनअखेरीस ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला दोष उघडा पडला, तो हाच. साध्या खात्यावरचा माणूस खोटा ड्रायव्हर घुसवून अख्खा संगणक ताब्यात घेऊ शकत होता. जुलैत मायक्रोसॉफ्टने तातडीची दुरुस्ती काढली, आणि १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून नियमच बदलला : शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायचा तर ॲडमिनिस्ट्रेटर हवा. त्याआधी बिनबोभाट जोडले जाणारे प्रिंटर नंतर अडू लागले, ते यामुळे.

आता लोक काय करतात? रजिस्ट्रीत एक नोंद शून्य करतात, की सगळ्यांना ड्रायव्हर बसवायला मोकळीक. किंवा सरसकट सगळी खाती ॲडमिनिस्ट्रेटर. खोटं कशाला बोलू, त्या गाळ्यावर आम्हीही आधी ते शून्यच केलं. बाहेर रांग होती, पट्ट्या निघायला लागल्या, चहा आला. संध्याकाळी लक्षात आलं की शेतकऱ्यांची खाती आणि बँकेचं काम ज्या नेटवर्कवर, तिथलंच दार आपण सताड उघडं टाकून आलोय. दुसऱ्या दिवशी जाऊन ते बंद केलं. त्या नोंदीच्या तोडीस तोड दुसरा कोणताही बंदोबस्त नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलंय.

मग सरळ मार्ग कोणता? मालकाने किंवा ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आहे त्याने, काट्यावरच्या संगणकावर कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेला तोच ड्रायव्हर एकदा बसवायचा. मग प्रिंटर जोडायचा. ड्रायव्हर घरातच असल्यावर शेजाऱ्याकडे मागायची वेळ येत नाही. तरीही अडलं, तर ‘लोकल पोर्ट’ निवडून पोर्टचं नाव म्हणून शेअरचा पूर्ण पत्ता द्यायचा. आमच्या गाळ्यावर शेवटी हेच चाललं. काट्यावरचा मुलगा आजही साध्या खात्यावर आहे, आणि पट्टी निघते.

एक पोटभेद सांगतो. चुकीच्या आकड्याच्या शेवटी ‘११बी’ दिसलं, तर तो ड्रायव्हरचा प्रश्न नाही. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेअर करणारा संगणक जोडणी कूटबद्ध असण्याचा आग्रह धरतो. एक संगणक अपडेट केलेला आणि दुसरा वर्षानुवर्षं तसाच, की दोघांचं जमत नाही. यालाही रजिस्ट्रीतला शून्य सुचवणारे भेटतील. त्यापेक्षा दोन्ही संगणक अपडेट करा, बाजार बंद असेल त्या दिवशी. रविवारी पहाटे अजिबात नको, बरं का!

तिसरं दार साधं. प्रिंटर जोडला गेला, पण कागद निघत नाही, यादीतलं काम अडकतं. प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘सिक्युरिटी’त बघा. ‘एव्हरीवन’ला छापायची मुभा असते, ती कुणीतरी काढलेली असते. छापणं, कागदांची कामं सांभाळणं आणि प्रिंटर सांभाळणं या तिथे वेगळ्या परवानग्या आहेत. काट्यावरच्याला पहिली पुरे.

आणि प्रिंटरला स्वतःचं नेटवर्क पोर्ट असेल, तर हे शेअरिंग सोडाच. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता पक्का करा आणि प्रत्येक संगणकावर त्या पत्त्याने तो बसवा. बसवताना ॲडमिनिस्ट्रेटर लागेलच, पण दिवाणजी जेवायला गेले आणि त्यांचा संगणक बंद असला, तरी पट्टी अडणार नाही.

प्रश्न असतील तर विचारा. आकडा सांगताना मात्र फोटो काढून आणा, ‘काहीतरी लाल आलं होतं’ यावरून आम्हाला कळत नाही.