शंभरांचा वर्ग, कोटींचा पट

१८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. परीक्षेत चौघे उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पदवीधरांची अख्खी पहिली तुकडी एका टांग्यात मावली असती. विद्यापीठाचा मुलूख मात्र सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला होता, आणि आज कर्नाटकात असलेले, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले नंदगड त्यातच आले. याच गावी २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्यांच्याशी लढणाऱ्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली, तेव्हा कोलकाता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठे निघायला अजून २६ वर्षे होती.

पुढे गाव जागचे हलले नाही, विद्यापीठे बदलत गेली. आधी मुंबई, मग १९४९ साली निघालेले धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, आणि २०१० पासून बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ. इकडे पट असा वाढला की आकडे वाचताना शून्ये पुन्हा मोजावी लागतात.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशभरात विद्यापीठे वीसेक, महाविद्यालये पाचशेच्या आसपास आणि विद्यार्थी दोन-सव्वादोन लाख. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या उच्च शिक्षण पाहणीत विद्यार्थी आहेत ४ कोटी ३३ लाख. म्हणजे लोकसंख्या चौपट झाली आणि कॉलेजचा पट दोनशे पट! आज नुसती पीएच.डी. करणारेच २ लाख १२ हजार आहेत. १९४७ साली देशातले सगळे विद्यार्थी मिळून जेवढे भरत, तेवढे आज एकट्या संशोधनात आहेत.

२०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती. एकट्या महाराष्ट्रात कॉलेजला जाणारे ४५ लाख ७८ हजार. पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळा जिल्हा उठून कॉलेजात जाऊन बसला, तर जवळपास तेवढा पट होईल. देशाच्या पटासाठी असे नऊ जिल्हे लागतील.

आता फक्त पहिले वर्ष घेऊ. पदवीला ३ कोटी ४१ लाख मुले आहेत. कुठे तीन वर्षांचा अभ्यासक्रम, कुठे चार. ढोबळ भागाकार केला तरी पहिल्या वर्षाला कोटीच्या आगेमागे मुले येतात. एका नावाला दोन सेकंद धरून १ जूनला हजेरी घ्यायला बसलेले सर दिवसरात्र न थांबता नावे पुकारत राहिले, तरी हजेरी संपेपर्यंत संक्रांत उलटून जाईल.

या कोटींना शंभरांच्या एका वर्गात बसवून पाहू. एकूण पटाचे प्रमाण लावले तर त्यात ४८ मुली असतील. इतर मागासवर्गीय ३८, अनुसूचित जातींचे १५, अनुसूचित जमातींचे ६. पदवीच्या शंभरांत कला शाखेला ३४, विज्ञानाला १५, वाणिज्यला १३ आणि इंजिनिअरिंगला १२. घरोघरी चर्चा इंजिनिअरिंगची, पण सर्वांत मोठा गठ्ठा आजही बी.ए.वाल्यांचाच.

यातला ४८ हा आकडा सर्वांत थक्क करणारा. १८६२च्या चौघांत बाई नव्हती. १९१६ साली धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा पहिल्या वर्गाला विद्यार्थिनी मिळाल्या चार-पाच. आज त्या २ कोटी ७ लाख आहेत, आणि १८ ते २३ वयोगटाच्या प्रमाणात मुली मुलांच्या किंचित पुढेच आहेत: २८.५ विरुद्ध २८.३ टक्के.

नंदगडची मुलगी पीयूसी, म्हणजे बारावी, झाली की तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक खानापूर-बेळगावची. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळे कर्नाटकातल्या मुलींना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे. रोजच्या येण्याजाण्याच्या तिकिटावर अडणाऱ्या घरात एवढ्यानेही निर्णय फिरतो. दुसरी वाट महाराष्ट्राची. तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'टाइप ई' नावाचा प्रकार आहे. महाराष्ट्र-कर्नाटक वादातल्या सीमाभागातले रहिवासी, तिथल्याच शाळा-कॉलेजातून दहावी-बारावी आणि मातृभाषा मराठी, या अटींवर महाराष्ट्राबाहेरची मुलेही राज्याच्या जागांना पात्र ठरतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेली अशी गावे ८६५ आहेत. गुणपत्रिकेबरोबर आपण या भागातले आणि घरात बोलतो मराठी, याचेही दाखले इथे जोडावे लागतात.

गंमत अशी की ज्या सीमेवरून एवढी वर्षे भांडण चालू आहे, तिच्या दोन्ही बाजूंचा हिशेब सारखाच निघतो. १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येशी कॉलेजच्या पटाचे प्रमाण कर्नाटकात ३६.२ टक्के, महाराष्ट्रात ३५.३. फरक शंभरात एका मुलाचा! देशाचा आकडा २८.४. म्हणजे शंभरांच्या वर्गाबाहेर देशात अडीच पट गर्दी उभी आहे, आणि तिच्यात आदिवासी मुले त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त आहेत. त्यांचे प्रमाण २१.२वरच थांबले आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचे ठरवले आहे. आजच्या लोकसंख्येवर हिशेब केला तर त्यासाठी आणखी सव्वातीन कोटी जागा लागतील. कर्नाटकाकडे पाहिले तर हे अवघड वाटत नाही: त्या वयाच्या लाखामागे इथे ६६ महाविद्यालये आहेत, देशात ३०. पण राज्यातल्या ४,४३० महाविद्यालयांपैकी १,१०६ एकट्या बेंगळुरू शहर जिल्ह्यात आहेत, म्हणजे चारातले एक. नव्या जागाही तिथेच निघणार असतील तर सरासरी फुगेल, इतकेच. नंदगडहून सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्या अंतरावर ज्या जागा निघतील, त्याच खऱ्या वाढल्या म्हणायच्या.