नाकातील चारशे जनुके

मसाल्याच्या पेढीवर वेलदोड्याचा नमुना आला की तो तळहातावर चोळून प्रथम नाकाशी नेला जातो. भावाची बोलणी मागाहून. मात्र एकच नमुना हुंगून दोन जाणत्यांची मते भिन्न पडली, तर त्यांपैकी एक चुकला असे समजण्याचे कारण नाही. त्या मतभेदाचे मूळ त्यांच्या जनुकांतही असू शकते.

१९९१ साली अमेरिकेत लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदराच्या नाकातील गंधग्राहींच्या जनुकांचे विशाल कुल उजेडात आणले. २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नाकाच्या पोकळीत अगदी वर एक लहानसा पापुद्रा असतो. त्यातील लक्षावधी चेतापेशींपैकी प्रत्येकीवर साधारणतः एकाच प्रकारचा ग्राही असतो. उंदराजवळ अशी सुमारे हजार जनुके आहेत, तर माणसाजवळ कामाची अवघी चारशेच्या आसपास. आणखी कित्येक शे जनुके माणसात आहेत खरी, पण निकामी झालेली. वहीतल्या बुडीत खात्यांप्रमाणे त्यांची नोंद आहे, व्यवहार नाही.

तरीही असंख्य वास ओळखता येतात, कारण एक गंधद्रव्य अनेक ग्राहींना चेतवते आणि एक ग्राही अनेक द्रव्यांना दाद देतो. अक्षरे मोजकी, शब्द अगणित, तसेच हे.

या जनुकांत माणसागणिक फरक असतात. कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या अनुभवाचा संबंध ओआर६ए२ या जनुकाजवळील एका सूक्ष्म फरकाशी आढळला. संबंध दुबळाच आहे, सवयीचाही वाटा असतो. पण पानातली कोथिंबीर बाजूला सारणाऱ्या नव्या सुनेला चोखंदळ ठरवण्याची घाई करू नये.

गंध हरपतो तेव्हा मात्र थट्टा संपते. घरगुती गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच; गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. वार्धक्यात घ्राणशक्ती इतकी हळूहळू मंदावते की ज्याची जाते त्यालाही उमजत नाही. करोनाच्या साथीत ती अनेकांची एका दिवसात गेली आणि ज्याचे नाक हेच पेढीचे भांडवल, त्याचा हात नमुन्यावरच थबकला. सुदैवाने गंधपेशी आयुष्यभर नव्याने घडत असतात. जर्मनीतील टॉमस हुमेल यांनी २००९ साली एक साधा सराव मांडला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचे वास रोज सकाळ-संध्याकाळ, लक्षपूर्वक, बारा आठवडे घ्यायचे. सर्वांनाच गुण येतो असे नाही, पण अनेकांना येतो. लवंग आणि लिंबू तर स्वयंपाकघरातच सापडतात.